कापसावर चालणारे पाय

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरचा, वय 67. हायस्कुलात 31 वर्षं मराठी शिकवलं. संध्याकाळी आम्ही चार निवृत्त माणसं फिरून येताना एका बंद दुकानाच्या ओट्यावर टेकतो. परवा बँकेतल्या मित्राने विषय काढला. समजा दोनातलं एक जाणारच आहे, चालणं नाहीतर वाचणं, तर कोणतं देऊन टाकाल? एसटीतून निवृत्त झालेला आमचा ड्रायव्हर लगेच म्हणाला, वाचन जाऊ द्या, ब्रेक पायानेच लागतो. मी म्हणालो, माझे पाय घ्या. ज्या गावात साने गुरुजींनी शिकवलं त्या गावाचा मी मास्तर. पुस्तकाशिवाय मी उरतो किती? 2024 च्या साहित्य संमेलनात घेतलेल्या पुस्तकांपैकी निम्मी अजून वाचायची आहेत. खिडकीशी खाट टाका, पुस्तकं द्या, मला आणखी काय हवं?

रात्री जेवताना हे घरी सांगितलं. मंडळी भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "तुम्हना पाय ग्यात का मना हात ग्यात, समजी ल्या." आणि आत गेली. त्याला आज 8 दिवस झाले. ताट येतं, चहा येतो, शब्द येत नाही. ताई, मी माझ्या पायांबद्दल बोललो होतो, तिला त्यात लागण्यासारखं काय होतं? तुम्ही काय निवडलं असतं? आणि तिची समजूत कशी काढू?

— एक मास्तर, अमळनेर

सर,

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, कारण मायना काय लिहावा तेच त्यांना सुचेना. तुम्ही मला सहा पानं पाठवलीत, पाठपोट (वर छापली ती त्यांतली थोडीच). कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर मिळालं होतं. त्या हिशेबाने तुम्हाला एका ओळीत उत्तर द्यायला हरकत नव्हती. पण सहा पानं मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वाचनात चौथ्या पानावर एक वाक्य असं भेटलं की हे उत्तर लांबणार. त्या वाक्याकडे येते. आधी वहिनींचं.

समजूत काढायची गोष्ट आधी डोक्यातून काढा. समजूत ज्याचं चुकलं त्याची काढतात. वहिनींनी नऊ शब्दांत जो हिशेब मांडला तो बरोबर आहे, आणि तो मी स्वतः करून पाहिलेला आहे, दोन्ही बाजूंनी.

माझ्या सासूबाई यावल तालुक्यातल्या. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय आणि हृदय बघता शस्त्रक्रिया करायची नाही असं ठरलं. त्या खाटेवर दोन वर्षं दोन महिने होत्या. तुम्ही खिडकीशी खाट टाका म्हणता ना, आम्हीही खिडकीशीच टाकली होती. खिडकीतून केळीचं शेत दिसायचं. पण खाटेवरचं माणूस नुसतं खिडकीतून बघत नसतं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि एकदा झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. रात्रीचे दोन तासही दोनच तास असतात. मी, माझ्या मोठ्या जाऊबाई आणि अर्ध्या दिवसासाठी लावलेली एक बाई, अशा तिघींचे दिवस त्यात गेले. अंथरूण, पांघरूण, भांडं, अंग पुसणं, जेवण भरवणं, परत अंथरूण. घरातले पुरुष वाईट नव्हते. उचलायला यायचे. पण उचलायला यायचे म्हणजे हाक मारल्यावर यायचे. जाऊबाईंची कंबर तेव्हा गेली ती अजून पट्ट्यावर आहे.

आणि माझे वडील. धरणगावला बाजार समितीत कारकून होते, घरात पुस्तकं आणि मासिकं रचून ठेवलेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला. मोतीबिंदू असता तर निघाला असता. हा तसला नव्हता. ते सांगायचे, जिथे बघावं तिथेच कुणीतरी बोट टेकवून ठेवल्यासारखं वाटतं. अंगणाच्या कडेची कोंबडी दिसायची, हातातलं अक्षर दिसायचं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट आणि त्याच्या मागची भिंत स्पष्ट. पण ते चालायचे. सकाळी उठून स्टेशनच्या रस्त्याला जाऊन यायचे, स्वतःची आंघोळ, स्वतःचा चहा. मी माहेरी असले की रोज दीड तास त्यांना वाचून दाखवायची, नसले की भाऊ दाखवायचा.

एकीकडे दीड तास, दुसरीकडे तीन बायांचे दिवस. वहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या त्या क्षणी त्यांनी हे गणित केलं, सर. तुम्हाला खिडकी दिसली, त्यांना भांडं दिसलं. तुम्ही पाय देऊन टाकायला निघालात तेव्हा ते कुणाच्या पदरात पडणार हे तुम्ही पाहिलंच नाही, आणि त्या पदर पसरून समोर उभ्याच होत्या.

आता दुसरी बाजू न सांगता पुढे गेले तर तुमच्यावर अन्याय होईल. पाय गेले म्हणजे माणूस खाटेलाच खिळतो असं मुळीच नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यापासून चाकाच्या खुर्चीत आहेत आणि त्यांनी शेकडो अपंग मुलांना उभं केलं. बाबा आमट्यांना मणक्याच्या विकाराने बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. त्या अवस्थेत 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, गाडीत पडून. म्हणजे पाय गेल्यावर माणसाचं काय होतं हे पुष्कळसं पायांवर अवलंबून नसतं, उंबऱ्यावर असतं. आमच्या सासूबाईंसाठी नंतर चाकाची खुर्ची आणली होती. ती घरात फिरली, पण जुन्या दाराच्या उंबऱ्यावरून बाहेर जाईना. दोघांनी उचलून ओलांडायची तर सासूबाईंना भीती वाटायची. शेवटी त्या खुर्चीत बसून उंबऱ्याच्या आतून अंगण बघायच्या. चार इंचांचा सागवानी उंबरा. वर्षाच्या सणाला हळदीकुंकू लावायचा म्हणून तो कुणी कापला नाही. मीही कापा म्हटलं नाही, हे आता लिहिताना टोचतं.

तुमच्या घराला रस्त्यावरून किती पायऱ्या आहेत? दाराची रुंदी किती? संडास घरात आहे की मागच्या अंगणात, आणि खाली बसायचा की खुर्चीसारखा? ओट्यावरच्या प्रश्नाचं खरं उत्तर मोजपट्टी घेऊन शोधावं लागतं.

तुम्ही विचारलंय, मी काय निवडलं असतं. टाळत नाही. मी वाचन दिलं असतं.

हे लिहिताना हात जड झाला, कारण वाचण्यावर माझं पोट आहे. आणि वाचन गेल्यावर काय जातं हे वडिलांकडे बघून मला कळलं. गोष्टी कानाने येतात, बातम्या येतात, त्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. त्यांना सलायचं ते वेगळंच. एकदा मी भरभर वाचत होते, ते म्हणाले, "थांब, मागच्या पानावर त्याने काय म्हटलं होतं?" मी मागे जाऊन वाचलं. परत म्हणाले, "त्याच्याही मागे." मी कंटाळले, आणि माझा कंटाळा आवाजात उतरला. त्यानंतर त्यांनी मला कधी मागे जायला सांगितलं नाही. मनाला येईल तिथे थांबायचं, एका ओळीवर पाच मिनिटं घालवायची, नको ते पान गाळायचं, ही सगळी मोकळीक जाते. दुसऱ्याच्या जिभेच्या चालीने चालावं लागतं. आणि एकांत जातो. त्यांच्या जुन्या मित्राचं पत्र आलं तेव्हा ते मोठ्याने वाचावं लागलं, आई स्वयंपाकघरात ऐकत असताना. त्यात विशेष काही नव्हतं. पण काही असतं तरी ते मोठ्यानेच वाचावं लागलं असतं. बँकेच्या पासबुकात किती आहे ते दुसऱ्याने सांगायचं, सही कुठे करायची ते दुसऱ्याने बोट धरून दाखवायचं. आयुष्यभर बाजार समितीत दुसऱ्यांच्या पावत्या तपासलेला माणूस तो.

तरीही मी वाचन दिलं असतं, कारण ते कुणाकडून तरी परत मागता येतं. आपल्या खान्देशात तर त्याची सवयच आहे. बहिणाबाईंचं उदाहरण द्यायला मी बिचकते, कारण जळगाव जिल्ह्यात शाळेच्या स्नेहसंमेलनापासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत ते कुठेही देतात. पण त्यातली एक बाजू भाषणात येत नाही. त्या निरक्षर होत्या हे सगळे सांगतात. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या पितांबरने वहीत उतरवून ठेवल्या नसत्या तर 1952 मध्ये पुस्तक निघालं नसतं आणि आपल्यापर्यंत काही आलं नसतं. तोंड एकाचं, हात दुसऱ्याचा. आणि तुमचे साने गुरुजी? तुम्ही त्यांच्या नावाने पुस्तकाची बाजू घेतलीत म्हणून सांगते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा अध्यायांना अठरा रविवार. समोर बसलेले गुरुजी कानाने ऐकत होते आणि हाताने लिहीत होते. गीता प्रवचने आपण पुस्तक म्हणून वाचतो, पण ते आधी ऐकलेलं आहे. तिकडे विदर्भात गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे आणि दुसऱ्यांना लिहायला सांगायचे. तेहतीस-चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले.

आता तर माणूसही लागत नाही. मोबाइल मराठीतला मजकूर वाचून दाखवतो. आवाज जरा सरकारी असतो, जोडाक्षराला अडखळतो, पण मागे जा म्हटलं की कंटाळत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी हे असतं तर! नजर गेलेल्यांसाठी पुस्तकं ऐकता येतील किंवा ब्रेलमध्ये येतील अशी करायला 2012 पासून आपल्या कायद्यात मोकळीक आहे, आणि 2016 पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. ब्रेलबद्दल मात्र तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ते बोटांच्या टोकांनी वाचायचं असतं. ज्यांच्या बोटांची संवेदनाच कमी झाली आहे त्यांना ते अवघड जातं.

आणि इथे आपण चौथ्या पानावर आलो.

तुम्ही लिहिलंय: "वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात दुपारी अनवाणी चाललो, चटका म्हणून लागला नाही. हल्ली पाय जमिनीला लागतच नाहीत, कापसावर चालल्यासारखं वाटतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला माणूस, दुसऱ्या कशावर चालणार?" वाक्य झकास आहे. वर्गात तुम्ही असे विनोद करत असाल आणि मुलं हसत असतील. मला हसू आलं नाही.

पाचव्या पानावर तुम्ही मधुमेहाला "14 वर्षांची सोबतीण" म्हटलंय. सहाव्या पानावर, गावातल्या विजेबद्दल तक्रार करताना, खोलीतला नऊ वॅटचा दिवा काढून अठराचा लावला तरी छापील अक्षर मळकट दिसतं असं लिहिलंय. तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या पानांवर, तीन वेगवेगळ्या विषयांत. एकत्र ठेवून बघा. सर, तुम्ही ओट्यावर बसून पाय द्यायचे की वाचन यावर वाद घालत होतात, आणि तुमची सोबतीण कुणाला न विचारता दोन्हीकडे हात घालून बसली आहे, अशी मला शंका आहे.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणारी तर नाहीच. पण एवढं मला नीट ठाऊक आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती बारीक रक्तवाहिन्यांना आणि नसांना पोखरते. डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या केसांपेक्षा बारीक, आणि पायांकडे जाणाऱ्या नसा अंगातल्या सगळ्यांत लांब. म्हणून मार या दोन ठिकाणी लवकर बसतो. पायाची सुरुवात मुंग्यांनी होते, जळजळीने होते, किंवा तुम्ही लिहिलंत तसं कापसावर चालल्यासारखं वाटून होते. हे शब्द तुम्हाला कवितेसारखे सुचले असतील, पण डॉक्टरांच्या खोलीत कितीतरी माणसं हेच म्हणतात. दुखत नाही म्हणून माणूस निश्चिंत असतो, आणि न दुखणं हाच तर त्यातला घात. खडा टोचला कळत नाही, चप्पल चावली कळत नाही. वैशाखात नदीच्या तापलेल्या वाळूवर तुमचे तळवे भाजले असते तरी तुम्हाला घरी येऊन पाय धुताना कळलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा जमीन काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. अशाच न कळलेल्या जखमा चिघळतात आणि बोट, मग पाऊल कापायची वेळ येते.

डोळ्याचंही तसंच. पडद्याला इजा व्हायला लागते तेव्हा नजर बऱ्याचदा ठीकच असते, अक्षर मळकं दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं. म्हणून मधुमेह असलेल्याने काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा असतो. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नाही. लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण त्यांचं मुख्य काम उरलेलं राखायचं. गेलेलं सगळं परत मिळेलच असं नाही. कदाचित तुमचा साधा मोतीबिंदू निघेल. मग तर पेढे वाटा. पण ते डोळ्यांच्या डॉक्टरने सांगू द्या, विजेच्या दिव्याला विचारू नका.

तेव्हा या आठवड्यात कराल ते एवढं करा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या, आणि मोजे काढून पाय दाखवा. ते तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून विचारतील, कळतं का? शाळेत मुलं करतात तसं अंदाजाने हो म्हणू नका. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तेही सांगा, त्याने काहींचं बी-12 कमी होतं, आणि मुंग्या त्यानेही येतात. तसं निघालं तर इलाज सोपा आहे. घरी रोज रात्री तळवे बघायचे. वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवून. गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत, पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नसेल तर शेकणं कसलं, भाजणंच. आणि अनवाणी चालायचं नाही, अंगणातही नाही. पुढच्या वैशाखात पायात चप्पल घालून यात्रा करा. सखाराम महाराज रागावणार नाहीत, आणि गावातलं कुणी रागावलंच तर त्याला माझ्याकडे पाठवा.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाही, पण मला नेहमी चकित करणारी गोष्ट आहे. वाचन नेहमी डोळ्यांनीच जातं असं नाही. मेंदूच्या एका ठरावीक भागाला झटका बसला की नजर शाबूत राहून अक्षरं परकी होतात. देजेरिन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1892 मध्ये असा एक रुग्ण नोंदवला, तो लिहू शकायचा आणि स्वतः लिहिलेलं त्याला वाचता यायचं नाही. तुमच्या ओट्यावर हे सांगा, ड्रायव्हर साहेबांना आवडेल. पण त्या झटक्यामागेही बरेचदा रक्तदाब आणि साखर हीच जोडी असते, हेही त्याच दमात सांगा.

आता पुन्हा वहिनी.

सहा पानांत तुम्ही चौघांची उत्तरं लिहिलीत. बँकवाल्यांचं, ड्रायव्हरचं, चौथ्या शेतकरी मित्राचं (त्यांचं उत्तर मला सगळ्यांत आवडलं, "पेरणी झाल्यावर विचारा"), आणि तुमचं. वहिनींनी काय निवडलं असतं हे कुठेही नाही. तुम्ही त्यांना आपलं उत्तर ऐकवलंत, प्रश्न विचारला नाहीत. त्यांच्याबद्दल तुम्ही सहज म्हणून लिहिलंय की श्रावणात कानबाईच्या सणात, रोटांच्या नैवेद्याच्या दुसऱ्या दिवशी, देवी डोक्यावर घेऊन नदीपर्यंत नाचत जाण्यात गल्लीत तिचा हात कुणी धरत नाही. आणि हेही लिहिलंय की सातवी शिकली आहे, पोथी वाचते, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मास्तर म्हणून तुम्हाला त्या बोटाचं हसू येत असावं, असं तुमच्या वाक्यावरून वाटलं. चुकत असेन तर माफ करा. पण ज्या बाईला पाय कानबाईसाठी हवेत आणि वाचन पोथीसाठी हवं, तिला या दोनांतलं एक द्यायला सांगितलं तर ती काय देईल? मला खरंच अंदाज नाही. तुम्हाला आहे का, बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर?

"चुकलो" म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका, त्या आठ दिवसांत तो शब्दही शिळा झाला असेल. त्याऐवजी त्यांना आपले तळवे दाखवा. चौथ्या पानावरचं वाक्य त्यांना विनोद न करता सांगा. मला संशय आहे की त्यांना ते आधीच ठाऊक आहे. भाकरी वाढताना हात उगाच थांबत नाही. तुमची एक चप्पल घराबाहेर कधी पायातून निसटली आणि तुम्ही तसेच चार पावलं पुढे गेलात, हे तुम्हाला कळलं नसेल, त्यांनी पाहिलं असेल. बायका असलं बघतात आणि बोलत नाहीत, आणि एक दिवस भलत्याच वाक्यावर बोलतात.

संमेलनातली ती निम्मी न वाचलेली पुस्तकं आहेत ना, त्यातलं एक काढा. रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचा, त्या ऐकत असोत नसोत. भांडी घासण्याचा आवाज येत असेल तर जरा मोठ्याने वाचा. घासणं थांबलं तर तेच पान परत वाचा. तुम्हाला 31 वर्षं मोठ्याने वाचायची सवय आहे, पण ती वर्गाची. घरातल्या एका माणसासाठी वाचणं वेगळं असतं, मला ते वडिलांच्या वेळी नीट जमलं नाही. आणि कधी डोळे थकले तर पुस्तक त्यांच्या हातात द्या. बोट ठेवून वाचू द्या. त्या चालीने ऐकायची सवय तुम्हाला असलेली बरी.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटे जाऊ नका. धुळ्याला जा की जळगावला, वहिनींना सोबत न्या, आणि टोपी, काळा चष्मा विसरू नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं अक्षर दिसत नाही आणि ऊन डोळ्यांत घुसतं. दुपारी दवाखान्यातून बाहेर पडाल तेव्हा रस्ता ओलांडायला त्यांचा हात धरावा लागेल. स्टँडवर पोचलात की चार-पाच गाड्या लागलेल्या असतील, आणि कोणत्या गाडीवर अमळनेरचा बोर्ड आहे हे तुम्हाला वाचता येणार नाही. तोपर्यंत त्या बोलत नसल्या तर तिथे त्यांना बोलावंच लागेल.

गाडीत जागा मिळाली की तो प्रश्न विचारा. काय म्हणाल्या ते मला कळवा, या वेळी एका पानात.

तुमची,
ताई